थंडीत रात्रीचं पाणी भरताना बोटं लाल होऊन सुजतात, खाजतात: काय करावं, काय टाळावं?

यावल_केळी
डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की तापीखोऱ्यात पारा झपाट्यानं उतरतो. धुळ्या-जळगावला १० अंशांच्या खालची पहाट दर हिवाळ्यात येतेच. नेमकं त्याच दिवसांत केळीला थंडीचा फटका बसू नये म्हणून रात्री पाणी द्यावं लागतं, गहू-हरभऱ्याची पाळीही असते, आणि शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की माणूस मध्यरात्री दांडावर उभा. दुसऱ्या दिवशी पायाची बोटं, हाताची बोटं, टाच, कधी कानाची पाळीसुद्धा लाल-जांभळी होऊन सुजते. आग होते. गोधडीत पाय गरम झाले की खाज अशी सुटते की झोप लागत नाही.

डॉक्टर याला चिलब्लेन म्हणतात. गावात मात्र कुणी खताची ऍलर्जी म्हणतं, कुणी चिखल्या, कुणी रक्त बिघडलं. उपायही तसेच: शेकोटीत पाय, कढत पाणी, बिब्बा. जाणकारांनी नीट सांगावं. होतं कशानं, होऊ नये म्हणून पायात-हातात काय घालायचं, आणि झालंच तर घरी काय करायचं. अंदाजे नको, मापात सांगा.

डॉक्टरताई_धुळे
आधी कारण, कारण ते कळलं की निम्मे चुकीचे उपाय आपोआप गळून पडतात.

याला बर्फ पडायची थंडी लागत नाही. शून्याच्या वर ते साधारण १५ अंशांपर्यंतचा गारवा आणि सोबत ओल, एवढं पुरतं. कोरड्या थंडीपेक्षा ओलसर गारवा जास्त नडतो. म्हणून रानात कोरड्या पायानं राखण करणाऱ्याला त्रास कमी आणि पाणी भरणाऱ्याला जास्त.

गार लागलं की शरीर छाती-पोटातली ऊब राखायला बघतं आणि हातापायांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. हे सगळ्यांचं होतं. काही जणांच्या वाहिन्या मात्र प्रमाणाबाहेर आणि जास्त वेळ आवळलेल्या राहतात. अशा वेळी बोटं एकदम तापवली तर वरवरच्या वाहिन्या पटकन उघडतात, आतल्या अजून आवळलेल्याच असतात. सरीत पाणी जोरात सोडलं आणि पुढचा निचरा बंद असला की बांध फुटतो, तसं रक्तातलं पाणी वाहिनीबाहेर झिरपून कातडीत साठतं. सूज, लाली, आग, खाज सगळी त्यातून.

सूज लगेच दिसत नाही. गार लागल्यावर काही तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसते. म्हणून माणूस काल रात्रीच्या पाण्याला दोष न देता आज हाताळलेल्या युरियाला देतो. पुन्हा गार लागू दिलं नाही तर १ ते ३ आठवड्यांत आपोआप बसते. रोज रात्री तोच प्रकार चालू राहिला तर आधीची सूज बसायच्या आत नवी येते, फोड येतात, कातडी फुटते.

अंगानं बारीक असलेल्यांना, बायकांना, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि मागच्या हिवाळ्यात एकदा होऊन गेलेल्यांना धोका जास्त.

पारोळा_पाटील
शेकोटीशिवाय रात्र निघेल कशी? शेकोटी तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

डॉक्टरताई_धुळे
पाटील दादा, शेकोटी बंद करा असं माझं म्हणणंच नाही. शेकायचं काय, एवढाच प्रश्न आहे. छाती आणि पाठ शेका. अंग आतून तापलं की शरीर स्वतःच हातापायांचं रक्त सोडतं आणि बोटं हळूहळू, आतून गरम होतात. तेच आपल्याला हवं.

रीत अशी: आधी ओले बूट-मोजे काढा. पाय कोरड्या फडक्यानं टिपा, चोळू नका. कोरडे लोकरी मोजे घाला आणि पाय गोधडीत किंवा गोणपाटात गुंडाळून जाळापासून मागं ठेवा. मग शेकोटीकडं छाती करून बसा. हात गार पडले असतील तर काखेत धरा, जाळावर नको. बधिर बोटाला चटका कळत नाही, कातडी भाजते आणि ते तासाभरानं लक्षात येतं. मधुमेह असलेल्यांनी तर शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक यांतलं काहीही पायाला लावू नये. त्यांच्या पायाची जाणीव आधीच कमी झालेली असू शकते.

अमळनेर_भाऊ
ताई, बोटे सुजी ग्यात ते गरम पानीमा मीठ टाकीसन पाय ठेवाले चाली का?

डॉक्टरताई_धुळे
नाही भाऊ. गरम पाण्यानं सूज वाढते, आणि मिठानं फुटलेली कातडी आणखी झोंबते. माती धुवायची असेल तर कोमट पाणी घ्या. कोपर बुडवून बघा, ऊन लागलं तर ते पाणी जास्त गरम आहे. धुतलं की लगेच टिपून कोरडं करा, बोटांच्या बेचक्यांसकट.

गिरणाथडी
पायांचं मी सविस्तर लिहितो, कारण खरा घोळ बुटात असतो.

बहुतेक जण गमबूट आपल्या नेहमीच्या नंबरचा घेतात. त्यात एक जाड मोजा कोंबला की बूट चारी बाजूंनी दाबतो. दाबलेल्या बोटात रक्त आधीच कमी जातं, वर गारवा. असा बूट अनवाणी पायापेक्षा बरा असला तरी चिलब्लेन काही थांबवत नाही. गमबूट एक नंबर मोठा घ्या. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. दोन्ही मोजे घालून बूट चढवा आणि आत सगळी बोटं वर-खाली हलतात का बघा. हलत नसतील तर तो बूट नको, कितीही स्वस्त मिळो.

मोजे दोन. आतला पातळ, नायलॉन किंवा पॉलिस्टरचा. तो घाम कातडीपासून बाहेर ओढतो. बाहेरचा जाड लोकरीचा. सुती मोजा रात्रीच्या कामाला घालू नका. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं, मग तोच मोजा पायाला गार फडक्यासारखा चिकटून राहतो. लोकर दमट झाली तरी थोडी ऊब धरते.

तळवा विसरू नका. गमबुटाचा तळ पातळ असतो आणि खालची ओली माती पायातली ऊब ओढून घेते. जुन्या घोंगडीतून तळव्याच्या मापाचे दोन तुकडे कापा आणि बुटात अंथरा. फेल्टचे तयार तळ मिळाले तर तेही चालतात. दोन जोड ठेवा, एक वाळतोय तोवर दुसरा वापरात. एका जागी उभं राहायचं असेल तर पायाखाली फळी, उसाचं पाचट किंवा जाड गोणपाट टाका.

आता ओल आत येते कुठून? बुटाला भोक असतंच असं नाही. गव्हावर दव असतं, त्यानं पॅन्ट गुडघ्यापासून खाली भिजते. भिजलेली पॅन्ट बुटात खोचलेली असली की पाणी वातीसारखं खाली उतरून मोज्यात जातं. वर पावसाळी पॅन्ट घाला आणि ती बुटाच्या बाहेरून सोडा. पावसाळी पॅन्ट नसेल तर खताच्या रिकाम्या गोणीचा आतला प्लास्टिक कागद पोटरीभोवती गुंडाळून सुतळीनं सैल बांधा, खालची कड बुटावरून खाली आली पाहिजे. घट्ट बांधलं तर पुन्हा रक्त अडतं.

बूट गळतो का ते बघायला आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि पाणी बुटाच्या काठाच्या चार बोटं खाली राहील एवढाच बूट पाण्याच्या बादलीत बुडवून धरा. अर्ध्या तासानं कागद कुठं ओला झाला ते दिसतं. रबरी बुटाला सायकलच्या ट्यूबचा पॅच बसतो. पण बाजारात स्वस्तातले बूट बहुतेक पीव्हीसीचे असतात, त्यावर सायकलचं सोल्युशन धरत नाही. पाइपाचं सोल्युशन वाळून कडक होतं आणि चालताना तडकतं. घोट्याच्या वाकणीत तडा गेलेला पीव्हीसी बूट बदललेलाच बरा.

यावल_केळी
बूट मापाचा, गळत नाही, पॅन्टही बाहेर, तरी पहाटे मोजे ओले निघतात.

गिरणाथडी
तो घाम आहे. गमबुटातून हवा जात नाही. फावड्यानं दांड फोडताना, बांध घालताना पाय घामेजतात आणि नंतर वाफा भरेपर्यंत उभं राहिलं की तोच घाम गार पडतो. यावर एकच उपाय चालतो: मोजे बदला. सुके मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सोबत न्या आणि ३ ते ४ तासांनी, नाहीतर ओले वाटले की लगेच बदला. काढलेले मोजे पिळून सदऱ्याच्या वर, स्वेटरच्या आत ठेवले तर अंगाच्या उबेनं बऱ्यापैकी वाळतात.

सकाळी घरी आलं की तळ बाहेर काढा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं ओले बोळे बदला. नंतर बूट दोन खुंट्यांवर उलटे लावून वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ ठेवू नका, पीव्हीसी वाकडं होतं आणि रबराला चिरा पडतात.

शिरपूर_वायरमन
मध्येच एक सांगतो, कारण ते जिवाचं आहे. ओले लोकरी हातमोजे घालून स्टार्टरच्या पेटीला हात लावू नका. लोकरीनं ऊब मिळते म्हणून कुणी ते काढत नाही, आणि ओली लोकर करंटला अडवत नाही. पेटीजवळ कोरडी लाकडी फळी कायमची ठेवा, हात कोरडे करा, मग बटण. पेटीला अर्थिंग झालेलं असलंच पाहिजे. ऑटो स्विच बसवला असेल तर लाइट आली की मोटर आपोआप चालू होते, विहिरीवर वाट बघत बसायची गरज राहत नाही. मात्र ऑटो चालू असताना मोटरीला किंवा पेटीला हात घालायचा नाही, आधी मेन स्विच पाडायचा.

भुसावळ_गस्त
थंडीत रूळ आकसतात, तडे जायची भीती असते, म्हणून रेल्वेत हिवाळी गस्त रात्री असते. तिथं पाय बहुतेक कोरडे असतात, पण हात लोखंडाला लागतात. शेतातही तेच आहे: व्हॉल्व्हचं चाक, फावड्याची लोखंडी मूठ, पाइपाचं कपलिंग. गार लोखंड हातातली ऊब लाकडापेक्षा कितीतरी वेगानं ओढतं. मुठीला जुनी सायकलची ट्यूब चढवा किंवा सुतळी गच्च गुंडाळा. व्हॉल्व्हच्या चाकावरही ट्यूब कापून बसवता येते.

हातमोजे दोन थरांचे. आत पातळ लोकरीचे, वर एक माप मोठे रबरी किंवा चामड्याचे. पाण्यात हात घालायचा असेल तर लांब बाहीचा रबरी, आणि बाही सदऱ्याच्या बाहीखाली खोचा, म्हणजे कोपरावरून ओघळलेलं पाणी आत शिरत नाही. अर्ध्या बोटांचे मोजे या कामाला निरुपयोगी आहेत, सूज उघड्या शेंड्यांनाच येते. मनगट उघडं ठेवू नका, तिथल्या धमन्या अगदी वरच्यावर असतात. जुन्या मोज्याचा पाऊल कापून उरलेली नळी मनगटावर चढवली तरी भागतं.

बोटं गार पडायला लागली की हात खांद्यातून गोल फिरवा, वीस-तीस फेऱ्या. रक्त शेंड्यांपर्यंत जातं. पायांसाठी टाचा वर-खाली करा आणि बुटातल्या बुटात बोटं आवळा-सोडा. बधिर व्हायची वाट बघू नका.

साक्री_कांदा
रब्बी कांद्याच्या लागवडीबद्दल कुणी बोललं नाही. हा त्रास सगळ्यात जास्त लागवडीच्या बायकांना होतो. दोन्ही हात आणि दोन्ही पाय चिखलात, कमरेतून वाकलेल्या, सकाळपासून. गडी रात्री एकटा भिजतो तेव्हा त्याची दखल घेतली जाते, यांची कुणी घेत नाही.

मालकानं करायच्या गोष्टी आधी सांगते. वाफे आदल्या संध्याकाळी भरून ठेवू नका. रात्रभरात ते पाणी गार होतं आणि सकाळी बाया त्याच पाण्यात उतरतात. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, कारण जमिनीखालचं तापमान ऋतूप्रमाणे फारसं बदलत नाही. सकाळी मोटर चालू करा, वाफा भरा आणि लगेच त्यात लावणी सुरू करा. थंडीच्या लाटेत लागवड ९-१० वाजता, ऊन पडल्यावर सुरू केली तर संध्याकाळपर्यंत थोडंसं क्षेत्र कमी होईल, पण बाया दुसऱ्या दिवशी कामावर येतील.

रोपांच्या जुड्या रात्री पाण्यात उभ्या ठेवतात, त्या सकाळी बर्फागत लागतात. ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवल्या तरी रोप टिकतं.

पाळी लावा. निम्म्या बायांनी लावणी, बाकीच्यांनी कोरड्यात रोप उपटणं, जुड्या पुरवणं, शेंडे कापणं. तासाभरानं अदलाबदल. बांधावर बादलीभर ताजं पाणी, दोन सुकी पंचं आणि पाठ टेकायला ऊन येईल अशी जागा एवढं असलं पाहिजे. चिखलाचे हात तसेच वाऱ्यात वाळू देऊ नका. ओल उडून जाताना कातडी आणखी गार करते. धुवा आणि लगेच टिपा.

हातात भांडी घासायचे रबरी मोजे एक माप मोठे, आत पातळ मोजा. अंगठा आणि पहिल्या बोटाचे शेंडे आधी फाटतात, तिथं जुन्या मोज्याचे शेंडे कापून दुहेरी करून घ्या. पायाला लांब गमबूट चिखलात रुततो आणि ओढताना पायातून निघतो, त्यापेक्षा घोट्याच्या थोडा वर येणारा रबरी बूट सोयीचा. लुगड्याचा ओला काठ पोटरीला चिकटून राहतो, आत लेगिंग किंवा सलवार असावी आणि काठ वर खोचावा.

चोपडा_दूध
पहाटे मोटरसायकलवर कॅन घेऊन फिरणाऱ्यांनी हँडलवर चढवायचे मोठे कव्हर घ्या, त्यात मोज्यासकट हात जातो. नुसता लोकरी मोजा वाऱ्यात काही कामाचा नाही, वारा त्यातून आरपार जातो. कॅन धुऊन झाल्यावर हात पूर्ण कोरडे केल्याशिवाय गाडीवर बसू नका. कान मफलरनं झाका, हेल्मेट वरून. छातीवर, स्वेटर आणि सदऱ्याच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवली तर वारा अडतो.

पारोळा_पाटील
तेल लावून गेलं तर? मोहरीचं, करंजीचं, लसूण कढवलेलं?

डॉक्टरताई_धुळे
तेलानं ऊब येत नाही, चोळण्यानं तेवढ्यापुरती येते. कातडी फुटू नये म्हणून जाण्याआधी व्हॅसलीनचा पातळ थर लावायला हरकत नाही, मोजे बूट त्यावरून. सुजलेल्या बोटाला मात्र काहीही लावताना हलक्या हातानं लावा, रगडू नका. लसूण, मिरी, झोंबणारा बाम सुजलेल्या कातडीवर नकोच, आधीच उघडलेल्या वाहिन्या आणखी फुगतात आणि फोड येतात.

बिब्ब्याचं स्पष्ट सांगते. टाचेच्या भेगांना बिब्बा लावायची आपल्याकडं सवय आहे. त्याचा रस कातडी भाजतो. सुजलेल्या बोटाला तो लागला तर मोठे फोड, काळे डाग आणि आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम. लावू नका, कुणाला लावू देऊ नका.

आता सूज आल्यावर काय करायचं ते.

आधी गार लागणं थांबवा. किमान आठवडाभर रात्रीचं पाणी दुसऱ्यानं भरावं. जमत नसेल तर वर भावांनी सांगितलेलं सगळं काटेकोर पाळा. खाजेला कॅलॅमाइन लोशन दिवसातून दोन-तीनदा. खाजवू नका, नखं कापून ठेवा. रात्री व्हॅसलीन, वरून सैल सुती नाही तर लोकरी मोजे. गोधडीत शिरताना पाय एकदम उबेत गेले की खाज भडकते, म्हणून आधी अंग गरम होऊ द्या, पाय थोडा वेळ पातळ चादरीत ठेवा. सूज असेपर्यंत पुढून रुंद चप्पल किंवा बूट.

फोड फोडू नका. फुटला तर स्वच्छ पाण्यानं धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा, वर जाळीची पट्टी सैल. शेणामातीत काम असतं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर घ्या.

मेडिकलमधून मागून आणलेली खाजेची मिश्र मलमं टाळा. त्यांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ पडते. सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, ते वेगळं. वारंवार होणाऱ्यांना निफेडिपिन नावाची गोळी देतात, ती रक्तवाहिन्या सैल करते. ती मुळात ब्लडप्रेशरची गोळी आहे, प्रेशर उतरतं, चक्कर येते. घरातल्या आजोबांच्या डब्यातली काढून खाऊ नका.

उलट काही औषधांनी हातपाय जास्त गार पडतात: प्रोप्रानोलॉल, अटेनोलॉलसारख्या प्रेशरच्या गोळ्या आणि नाक मोकळं करणारी फिनाइलएफ्रिन असलेली सर्दीची गोळी. आपल्या मनानं प्रेशरची गोळी बंद करायची नाही, पण डॉक्टरांना हा त्रास सांगा. बिडीचं तर उघड आहे. निकोटिन वाहिन्या आवळतं, आणि तोंडात धरलेल्या तंबाखूतही तेच निकोटिन असतं. दारूनं ऊब वाटते, प्रत्यक्षात कातडीतून ऊब बाहेर जाते आणि अंग आणखी गार पडतं.

एरंडोल_कृषी
जेवणाचंही सांगा ताई. बरेच जण संध्याकाळी लवकर जेवतात आणि १२ वाजता रिकाम्या पोटी रानात जातात.

डॉक्टरताई_धुळे
बरोबर. पोटात काही नसलं की अंगात ऊब तयार होत नाही आणि शरीर हातपाय आणखी आवळतं. निघताना कळण्याची भाकर-ठेचा असो की शेंगदाणे-गूळ, काहीतरी खाऊन निघा, थर्मासमध्ये गरम चहा न्या. कानटोपी, मफलर, स्वेटर यांना कमी लेखू नका. पायाच्या बोटांसाठी त्यांची किंमत मोज्याइतकीच आहे.

नंदुरबार_पाटबंधारे
मला वाटतं चिखल्या आणि हे लोक एकच समजतात. फरक कसा ओळखायचा?

डॉक्टरताई_धुळे
चिखल्या ही बुरशी, बोटांच्या बेचक्यांत होते. कातडी पांढरी, भिजल्यासारखी, सालपटं निघतात, वास येतो. चिलब्लेन बोटाच्या वरच्या बाजूला किंवा शेंड्याला, गाठीसारखी लाल-जांभळी सूज. दोन्ही एकाच वेळीही असू शकतात.

गार लागताच मिनिटांत बोटं पांढरी फटक, मग निळी, मग लाल होत असतील आणि गरम झाल्यावर पुन्हा नेहमीसारखी, तर तो रेनॉड. तपासून घ्यावा.

आणखी एक, पाणी भरणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. तासन्‌तास गार पाण्यात पाय राहिले की पूर्ण पाऊल बधिर, पांढरं, सुरकुतलेलं होतं, चालताना कापसावर चालल्यासारखं वाटतं. गरम झाल्यावर लाल होतं, सुजतं आणि ठणकतं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना हेच झालं, म्हणून नाव ट्रेंच फूट. यात मज्जातंतूंना इजा होते. पाय कोरडे करून उंच ठेवा, त्यावर चालू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अक्राणी_आरोग्य
सातपुड्यातलं वेगळं सांगायला हवं. तोरणमाळ, डाब या भागात थंडीच्या लाटेत दवबिंदू गोठतात, म्हणजे तिथं काम करणाऱ्यांना खाली सपाटीपेक्षा जास्त जपायला हवं. पण त्याहून मोठी बाब सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात त्या आनुवंशिक आजाराची. नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. गार लागणं आणि पाणी कमी पिणं या दोन्हींनी सिकलसेलचा वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा माणसाला रात्रीच्या ओल्या कामाला पाठवूच नये.

६ महिने ते ३-४ वर्षांच्या बाळाचे दोन्ही हात किंवा दोन्ही पाय सुजले, हात लावला की रडतं, ताप आहे, तर थंडीची सूज समजून तेल लावत बसू नका. लहान मुलांत सिकलसेल पुष्कळदा असाच पहिल्यांदा दिसतो. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि रक्ताची तपासणी करून घ्या.

यावल_केळी
आणि मोठ्यांनी दवाखान्यात कधी जायचं? कामाच्या दिवसांत कुणी लवकर जात नाही.

डॉक्टरताई_धुळे
पू आला, लाली पावलावर वर चढत चालली किंवा ताप आला तर त्याच दिवशी. बोट काळं पडायला लागलं किंवा एकाच पायाची बोटं गार आणि निळी राहिली, तर तासाचाही उशीर नको. मधुमेह असेल तर पहिल्या फोडालाच. ३ आठवड्यांत बसलं नाही, किंवा होळी उलटून ऊन तापलं तरी गाठी तशाच राहिल्या, तर रक्ताच्या तपासण्या लागतात; ल्युपससारखे आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, असे दिसू शकतात. सोबत तोंड येणं, सांधे दुखणं, उन्हात गालावर लाली येणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

गिरणाथडी
यावलकर भाऊ, तुमच्या गड्यांसाठी आजच्या आज घ्यायचं सामान: माणशी एक नंबर मोठा गमबूट, लोकरी मोजे तीन जोड, पातळ मोजे दोन जोड, घोंगडीचे तळ दोन जोड, लांब बाहीचे रबरी हातमोजे एक जोड आणि आत घालायचे पातळ लोकरीचे दोन. मोजे प्रत्येकाचे वेगळे, नाहीतर चिखल्या सगळ्यांना. बूट आधी त्यांच्या पायात घालून बघा, तुमच्या अंदाजानं आणू नका.

यावल_केळी
उद्या बाजारचा दिवस आहे, गड्यांना सोबतच नेतो. साक्रीच्या ताई, ताजं पाणी सोडून लावणी करताना वाफ्यात पाणी किती बोटं ठेवायचं?

साक्री_कांदा
माती मऊ होऊन रोप अंगठ्यानं दाबलं जाईल एवढंच, दोन बोटांच्या वर नको. जास्त ठेवलं तर रोप तरंगतं आणि बायांचा पंजा पूर्ण बुडतो. वाफा लहान ठेवा म्हणजे एक संपेपर्यंत पाणी गार होत नाही, आणि पुढच्या वाफ्यात पाणी पहिला अर्धा लावून झाल्यावरच सोडा.